दोघांना एकदम सुट्टी

"थोडेच दिवस गं बाळा. शहाण्यासारखी राहा. मावशी सांगेल ते ऐकायचं."

आईनं हे दातांत पिन धरून म्हटलं होतं. लेकीची वेणी घालता घालता म्हटलं, म्हणून शब्द चिमटीतून सुटल्यासारखे बारीक आले. त्या घराच्या भिंतींचा रंग आता विरून गेलाय, आईचं तेव्हाचं तरुण तोंडही विरलंय, पण पिनेआडून आलेले ते थोडेच दिवस लेकीच्या कानाच्या पाळीला डुलासारखे लटकून राहिले. ते थोडे दिवस मावशीकडे काढून ती घरी परतली तेव्हा तिचे दुधाचे दात पडून त्या जागी नवे आले होते.

मावशी तिला कधी टाकून बोलली नाही. पोटभर दूध होतं, स्वतःचं अंथरूण होतं, अंथरुणापाशी खिडकी होती. काय कमी होतं असं कुणी विचारलं असतं तर तिला सांगता आलं नसतं. फक्त घरी आल्यावर पहिल्याच दुपारी तिनं आईला विचारलं, "तुम्ही जेवलात का?" आई हसली. म्हणाली, पाहुणी आली गं बाई आमच्याकडे. मग आत गेली, ती दिवेलागण झाली तरी बाहेर आली नाही.

ती लेक आता स्वतः दोन पोरांची आई होती, आणि हे सगळं तिला आज रविवारी सकाळी बसमध्ये आठवत होतं. मांडीवर धाकटा होता, नुकताच ओकलेला, आणि ओकून हलका झाल्यामुळे आता गाणं म्हणत असलेला. शेजारी थोरली, खिडकीच्या काचेला नाक लावून. पुढच्या सीटवर नवरा. तो दांडीला धरून बसल्या बसल्या झोपला होता आणि बस वळली की त्याची मान वेलीवरच्या भोपळ्यासारखी या अंगाची त्या अंगाला जात होती. रात्रभर बेकरीच्या भट्टीपाशी उभा राहून तो थेट बसथांब्यावर आला होता. कानाच्या वळ्यांत अजून पीठ होतं.

थोरलीला घरात ठकी म्हणत, धाकट्याला बोका. आणि आज बसमध्ये जुना आवाज कानात घुमायचं कारण असं, की ताईनं ठकीला मागितली होती.

ताई म्हणजे तिची सख्खी थोरली बहीण. दुसऱ्या गावात राहायची. घर मोठं, मूलबाळ नाही, जीव लावायला माणूस हवं. "तुझी ओढाताण मला बघवत नाही," ताई फोनवर म्हणाली होती. "धाकटा लहान आहे, तो राहू दे. ठकीला माझ्याकडे दे. शाळा दाराशी आहे. तू जरा श्वास घे, मग ने परत." ती तेव्हा "बघते" म्हणाली. पण त्या "बघते"मध्ये अर्ध्याहून जास्त हो होतं, हे तिचं तिला ठाऊक होतं. शाळेत नाव घालायचं म्हणून ताईला आज उत्तर हवं होतं, आणि नवऱ्याला यातलं अक्षर माहीत नव्हतं. माशांचं घर बघायचंय म्हणून ठकीनं कधीपासून धोशा लावला होता, तेवढ्यासाठीच आज निघालोय असं तो समजत होता. तिला मात्र पोरीला एक अख्खा दिवस द्यायचा होता, आई आणि बाप दोघं एकदम असलेला. आणि तो दिवस मावळायच्या आत त्याला सांगायचं होतं.

सांगायला वेळच कुठं होता त्यांच्या घरात. तो रात्री बेकरीत, ती दिवसा मोठ्या दवाखान्याच्या लाँड्रीत. पहाटे तो येई तेव्हा ती चपला घालत असे. संध्याकाळी ती येई तेव्हा तो. पलंग एकच, आणि तो कधी गार होत नसे. एक उठला की दुसरा त्याच उबेत शिरे. दिवसा पोरं त्याच्याकडे, रात्री तिच्याकडे. ठकी सकाळी डोळे उघडले की आधी विचारी, "आज ड्युटी कोणाची?" लेक दिवसा कशी हसते ते त्याला माहीत, झोपेत कशी कण्हते ते हिला. दोघांनी मिळून पोरगी अख्खी पाहिलीय असं फारसं कधी झालंच नव्हतं. लाँड्रीला रविवारी सुट्टी असे. बेकरीला सुट्टी नसते, माणसं रोज खातात. आजची रात्र त्यानं मालकाच्या पाठी लागून मागून घेतली होती.

बेकरीतली एक रीत त्यानं घरी आणली होती. भट्टीतून तापलेला ट्रे काढणारा माणूस तो दुसऱ्याच्या हातात देताना "घेतलं?" असं विचारतो आणि समोरचा "घेतलं" म्हणेपर्यंत सोडत नाही. न विचारता सोडला तर कुणाचं तरी मनगट भाजतं. पोरं लहान असल्यापासून घराच्या दारात तेच चाले. एकानं म्हणायचं "घेतलं?", दुसऱ्यानं "घेतलं", आणि मगच उंबरा ओलांडायचा. निरोप नाही, चौकशी नाही. कधी कधी आठवडाभर नवराबायकोत तेवढाच शब्द होई.

लाँड्रीत तिची एक जोडीदारीण होती. चादरीची दोन टोकं हिनं धरायची, दोन तिनं, आणि एकमेकींकडे चालत यायचं. हाताला हात लागला की घडी पडली. इस्त्रीच्या मोठ्या रुळाचा घरघराट चालू असे, म्हणून जोडीदारीण ओरडून ओव्या रचायची.

चादरीला चार टोकं, दोन तुला, दोन मला
मधली गं झोप सारी, जाई परक्या रोग्याला

"रचतेस काय, रड की सरळ," ही म्हणायची. आणि जोडीदारीण म्हणायची, "तू उभ्या उभ्या झोपतेस बयो. परवा तुलाच घडी घालून कपाटात ठेवणार होते."

बस थांबली. "उठा," तिनं नवऱ्याच्या खांद्याला हात लावला. "आलं."

"झोपलो नव्हतो," तो म्हणाला.

"नाही ना. नुसते डोळे मिटून बघत होतात."

रांग लांब होती. रांगेत सगळीकडे तेच होतं: ढकलगाड्या, सांडलेली बिस्किटं, कडेवरून खाली आणि खालून कडेवर. बोक्याला पाणी हवं होतं, मग नको होतं, मग ठकीनं प्यायलेलं तेच हवं होतं. ओकलेली विजार पिशवीच्या तळाशी प्लास्टिकमध्ये बांधलेली होती आणि तिचा वास गाठ सोडवून बाहेर येत होता. पुढच्या बाईनं मागे वळून पाहिलं. नवऱ्यानं उगाच दुसरीकडे पाहिलं, जणू पिशवी शेजारच्या कुटुंबाची आहे.

आत अंधार होता. निळा, ओला, जाजमाचा वास असलेला अंधार. दोन्ही बाजूंना उजळलेल्या काचा आणि काचांमागे मासे. ठकी पहिल्याच काचेपाशी खिळली. बोक्यानं मासे पाहिले न पाहिल्यासारखे केले आणि पायरीच्या कडेला लावलेल्या छोट्या दिव्यांमागे लागला. एक दिवा, दुसरा दिवा, तिसऱ्यावर बसून राहिला.

"अरे मासा बघ की," बाप म्हणाला. "दिवे घरी पण आहेत."

"घरी खाली नाहीत," बोका म्हणाला. त्यात खोटं काही नव्हतं.

एका काचेत एक जाडजूड, ओठ लोंबलेला मासा एकाच जागी थांबून होता. कल्ले तेवढे उघडत मिटत होते. ठकीनं विचारलं, "हा झोपलाय का?"

"काय माहीत," नवरा म्हणाला. "ह्याला पापण्याच नाहीत बघ. ह्याला आपल्या घरी नोकरी लागेल. रात्री बेकरी, दिवसा तुम्ही."

ती हसली. बोक्याला कडेवर घेऊन झुलवत तिनं हळूच म्हटलं,

माशाला नाही पापणी, नीज त्याला कशी यावी
पाण्याची गं गोधडी त्यानं, उघड्या डोळा पांघरावी

"हे कुठलं?" नवऱ्यानं विचारलं.

"आत्ताचं."

"तू अजून रचतेस होय," तो म्हणाला, आणि तिच्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं. तिला वाटलं, आता सांगावं. अंधार आहे, तोंड दिसत नाही, आत्ताच सांगून टाकावं. तेवढ्यात बोक्याला शू आली.

मग ते झालं, मग हात वाळवायचं यंत्र, जे बोक्याला अख्ख्या इमारतीत सगळ्यात जास्त आवडलं, मग पाकट माशांचं उघडं तळं, तिथं ठकीच्या बाहीला पाणी लागलं, मग बिस्किटं, मग "चालवत नाही", मग "उचलू नको". असा तो अख्खा दिवस चालला होता जो तिनं पोरीला द्यायचा ठरवला होता. ठकी अधूनमधून आईचा हात धरून आणि दुसऱ्या हातानं बापाचा हात धरून मधे लोंबकळे, पाय उचलून, नुसतं दोघं आहेत का ते ताडून पाहिल्यासारखी. तिचं वजन हाताला लागलं की आई पकड घट्ट करी.

सगळ्यात आतल्या दालनात मोठी काच होती. घराएवढी. समोर जाजम घातलेल्या रुंद पायऱ्या, बसून बघायला. नवरा बसला. बसला म्हणजे अंग सांडलंच त्यानं तिथं. ठकी पायरीवर पुढे, बोका तिच्या शेजारी, आणि काचेमागून एक भलीमोठी सावली पंख हलवत गेली.

पिशवीत फोन थरथरला. ताई.

आत आवाज नीट येत नव्हता. ती उठली. नवऱ्याच्या मांडीवर पिशवी ठेवली, पोरांकडे मान केली आणि रोजच्यासारखं म्हणाली, "ताईचा फोन आहे. घेतलं?"

"घेतलं," तो म्हणाला.

ती जिन्यापाशी उजेडात आली.

"विचारलंस का त्यांना?" ताईनं सरळ सुरुवात केली.

"नाही अजून. बाहेर आलोय."

"कुठं?"

"मासे बघायला."

"बघा, बघा. मी खोली रंगवून घेतली. गुलाबी नाही हं, तिला गुलाबी आवडत नाही म्हणाली होतीस. पिस्ता रंग. पडदे मात्र तूच सांग."

"ताई, रंगवून पण घेतलीस?"

"मग काय, पोर आल्यावर रंगाच्या वासात झोपवू? अगं, आरशात बघ एकदा. गळ्याची हाडं वर आलीत तुझ्या. मागच्या खेपेला आलीस ती माझ्या सोफ्यावर झोपलीस, पोरांना मीच जेवायला घातलं. मी तुला दोष देत नाही. कुणी दोन हातांनी किती धरायचं?"

"तसं नाही..."

"तुला पण नाही का पाठवलं होतं मावशीकडे? काय वाईट झालं तुझं? काही कमी पडलं?"

"नाही," ती म्हणाली. खरं तेच होतं.

ताईचा आवाज खाली आला. "थोडेच दिवस गं."

तिनं फोन कानापासून लांब धरला. ताईचा आवाज वय होता होता हुबेहूब आईचा झाला होता; पिन तेवढी नव्हती. जिन्याच्या खिडकीतून बाहेरचं ऊन तिच्या चपलांवर पडलं होतं. चपलेचा पट्टा सुटत आलेला होता आणि तो ती कितीतरी दिवस शिवायचा म्हणत होती.

"ऐकतेस ना?"

"संध्याकाळी सांगते," ती म्हणाली.

ती परत आत आली. डोळ्यांना अंधार सवयीचा व्हायला क्षण गेला. मोठी काच, पायऱ्या, माणसांच्या पाठी. नवरा तिथंच होता. मान छातीवर, तोंड उघडं, निळा उजेड चेहऱ्यावरून सरकत होता. दोन्ही हात मांडीवरच्या पिशवीच्या पुढे, तळवे वर, अंतर राखून धरलेले. ट्रे धरावा तसे.

पुढची पायरी रिकामी होती.

"अहो." तिनं त्याला हलवलं. "अहो, पोरं कुठंयत?"

"अं?"

"पोरं."

"तुझ्याकडे."

"तुम्ही घेतलं म्हणालात."

"मी?" तो आपल्या हातांकडे बघत राहिला. "मी म्हणालो?"

आणि तिला कळलं. त्यानं तिला नव्हतंच उत्तर दिलं. भट्टीपाशी उभं राहून, वर्षानुवर्षं, झोपेच्या काठावर तो रात्रभर जे म्हणतो तेच म्हणाला होता. तिनंही त्याच्या डोळ्यांकडे बघितलं नव्हतं. दारात कधी बघायची वेळ आली नव्हती. एक जायचा तेव्हा दुसरा हटकून जागा असायचा. दोघं एकदम ड्युटीवर असायची त्यांना सवयच नव्हती.

ते उठले. तो एका बाजूला, ती दुसऱ्या बाजूला, मग दोघं परत मधे, मग एकाच बाजूला. तिनं हाका मारल्या त्या आधी हळू होत्या, लाजत मारलेल्या, मग लाज सुटली. दालनाच्या दारात एक पहारेकरी होता, पोट पुढे, काचेला हात लावू नका म्हणून म्हणून घसा बसलेला.

"दोन मुलं," ती म्हणाली. "मुलगी मोठी, मुलगा छोटा."

"घाबरू नका. बाहेरच्या दारापाशी माणूस आहे, एकटं पोर तो सोडत नाही. अंगात काय आहे?"

"मुलाच्या निळी विजार, मीच बदलली आत्ता. आणि मुलीच्या..." ती थांबली. तिला आठवेना. आज दिवसभर हात धरलेल्या पोरीच्या अंगावर काय आहे ते तिला आठवेना. सकाळी ती डबे भरत होती, ठकीनं कपडे आपले आपण घातले होते. त्यानं बसथांब्यावर आल्या आल्या पोरीला थंडी वाजते म्हणून पिशवीतून काढून स्वतः काहीतरी घातलं होतं.

"हिरवा स्वेटर," नवरा म्हणाला. "डाव्या कोपराला रफू आहे, मी केलेलं, वेड्यावाकड्या टाक्यांचं. खाली तपकिरी. केसांत एकच क्लिप, दुसरी बसमध्ये पडली." शब्द एकेक बरोबर येत होते. "वरचा एक दात हलतोय. जिभेनं सारखा ढकलते."

ते तिला माहीत नव्हतं. दात हलतोय हे.

पहारेकऱ्यानं हातातल्या बिनतारी यंत्रावर कुणाला तरी सांगितलं. मग म्हणाला, "पलीकडे बघितलंत? टाकी धुणं चाललंय. सगळी पोरं तिकडेच पळालीत."

मोठ्या काचेला वळसा घालून मागे अरुंद बोळ होता, आणि बोळाच्या शेवटी त्याच टाकीची दुसरी, लहान काच. तिथं गर्दी होती. आत पाण्यात एक माणूस होता, पाठीला नळकांडं, पायांत बदकाची पावलं, आणि तो शांतपणे स्पंजनं काच पुसत होता. वरून खाली, वरून खाली. त्याच्या खांद्याजवळून मासे जात येत होते, त्यांना त्याचं काही नव्हतं. काचेच्या अगदी खाली, सगळ्यांच्या पुढे, बोका उभा होता. आणि त्याच्या मागे ठकी. तिनं दोन्ही हातांनी त्याच्या सदऱ्याची कॉलर धरली होती, मुठी आवळून, आणि काचेकडे तिचं लक्षच नव्हतं. बोका पुढे झुकला की तिची पावलं जाजमावरून घासत पुढे जात.

आईनं खाली बसून दोघांना एकदम मिठीत घेतलं. बोका वैतागला. "दिसत नाहीये," तो म्हणाला.

"काका काच पुसतायत," ठकीनं सांगितलं. "त्यांची ड्युटी पाण्यात असते."

"इकडे का आलात? सांगून यायचं की नाही?" बाप म्हणाला. रागवायचं म्हणून तोंड उघडलं होतं पण राग आलाच नाही, शब्द तसेच उघडे पडले.

"हा पळाला. मी तुला हाक मारली, दोनदा. तू घेतलं म्हणाला होतास पण तुझे डोळे मिटलेले होते." ठकीनं आईकडे पाहिलं. "आणि तू फोनवर होतीस. मग ड्युटी माझी ना. म्हणून मी धरला."

"शहाणी आहे पोरगी," मागून एक बाई कौतुकानं म्हणाली. "लहान आईच जणू."

आईला ते कौतुक झोंबलं. तिनं ठकीच्या मुठींवर हात ठेवला. "सोड आता. आम्ही आलो."

ठकीनं सोडलं नाही. कपाळाला आठी घालून ती आईच्या तोंडाकडे बघत राहिली, वाट बघत. मग आईला उमगलं.

"घेतलं," ती म्हणाली.

तेव्हा बोटं उघडली. एकदम नाही उघडली; आखडली होती, कॉलरच्या शिवणीचे वळ उमटले होते. आईनं ती एकेक करून चोळली, थंडीत पाखराचे पाय चोळावेत तशी, आणि ठकी म्हणाली, "हात दुखतोय," आणि मग इतका वेळ नसलेलं रडू तिला आलं.

बाहेर आले तेव्हा ऊन कलतं झालं होतं. फाटकापाशी बसथांब्याचा कठडा होता, तिथं बसले. बोका पिशवीवर डोकं ठेवून आडवा झाला आणि लगेच घोरायला लागला. ठकी बापाच्या मांडीवर. जरा वेळ ती जिभेनं दात हलवत होती, मग जीभ थांबली, मग डोळे.

बस येत नव्हती. आली असती तरी कुणी उठलं असतं की नाही कोण जाणे.

"माझं चुकलं," नवरा म्हणाला.

"तुमचं एकट्याचं नाही."

"मला खरंच वाटलं मी ट्रे धरलाय. गरम पण लागला हाताला." तो हसायला गेला, पण ते जमलं नाही. "काही झालं असतं तर?"

समोरच्या दुकानाचं शटर अर्धं खाली होतं. फुटपाथवर कुणाचा तरी फुगा सुटून गटाराच्या जाळीला अडकला होता आणि वाऱ्यानं हलत होता. पिशवीत बोक्याच्या डोक्याखाली फोन थरथरला. बोका हलला, पण उठला नाही.

"उचल की," नवरा म्हणाला. "ताई असेल. दुपारी पण त्यांचाच होता ना? बरी आहे ना तब्येत?"

"बरी आहे."

"मग?"

फोन थरथरून थांबला. तिनं ठकीच्या हिरव्या बाहीवरचं रफू बोटानं चाचपलं. टाके खरंच वेडेवाकडे होते, एकावर एक चढलेले. हे त्यानं कधी केलं असेल, कुठल्या दुपारी, डोळे उघडे ठेवून?

"ताईनं ठकीला मागितलीय," ती म्हणाली. "तिच्याकडे ठेवून घ्यायला. शाळा वगैरे तिथंच. आज हो का नाही ते सांगायचंय. खोली रंगवून घेतलीय तिनं."

त्याचा ठकीच्या पाठीवरचा हात थांबला.

"कधी ठरलं हे?"

"ठरलं नाही. पण मी नाही म्हटलेलं नाही."

"मला का नाही सांगितलंस?"

"कधी सांगणार? दारात?"

लांबून एक बस आली, दुसरीच होती, ती गेली. धूळ खाली बसेपर्यंत तो तिच्या मागे बघत राहिला.

"त्यांचं घर चांगलं आहे," शेवटी तो म्हणाला. सावकाश, एकेक शब्द ठेवत. "पोरीला माया मिळेल. इथं काय, बाप दिवसा झोपेत आणि आई रात्री. आजचं तर बघितलंसच. तुला वाटत असेल ते बरोबर, तर मी आडवा येणार नाही."

"तसं बोलू नका."

"मग कसं बोलू? तूच सांग ना. तुझ्या मनात काय आहे?"

"तिला तिथं काही कमी पडणार नाही..."

"ते नाही विचारलं मी."

तिनं मान वर केली. एवढ्या वर्षांत दिवसाच्या उजेडात, दोघंही जागे असताना, त्याचं तोंड इतक्या जवळून तिनं कधी पाहिलं होतं ते आठवेना. डोळे लाल होते, भुवईत पिठाचा कण होता. तो वाट बघत होता. कुणाला कुठं जायचं नव्हतं, कुणी चपला घालत नव्हतं, आणि ती जे कधी ताईला बोलली नव्हती, आईला तर जन्मात बोलली नव्हती, ते ओठांवर आलेलं आत ढकलायचं तिच्यानं झालं नाही.

"मला तिला नाही पाठवायची," ती म्हणाली. "एक दिवससुद्धा नाही. मला पाठवली होती तेव्हा मी रोज रात्री खिडकीला तोंड लावून बसायचे, आणि मी छान राहतेय असंच सगळ्यांना सांगायचे. पण मला हे असंही होत नाहीये आता. तुम्ही आलात की मी जायचं, मी आले की तुम्ही. चादर धरते तर डोळ्यांपुढे अंधारी येते. पोरीला देऊन टाकावी असं मनात आलं ते तिच्या भल्यासाठी नाही आलं, मला झोपायचं होतं म्हणून आलं. मी दमलेय हो. मी फार दमलेय."